दुसऱ्या प्रतीचा पापड

सात बायका, ऐंशी रुपये उसने, पहिल्या दिवशी चार पाकिटं, आणि मग कोट्यवधींची उलाढाल. लिज्जत पापडाची गोष्ट आपल्याकडे अशी एका दमात सांगितली जाते. त्यातला 'आणि मग' मला कायम खटकतो. उद्योग करणाऱ्याची झोप उडते ती त्या दोन शब्दांतच. सात जणी समोरासमोर बसून लाटत होत्या तोवर पापड चांगला होणारच. एकीचा जाड झाला तर शेजारची लगेच बोलणार. प्रश्न पुढचा आहे. लाटणाऱ्या तीनशे झाल्या, मग हजारो झाल्या आणि आपापल्या घरी बसून लाटू लागल्या, तेव्हा पापड बिघडला कसा नाही?

लहान गृहउद्योगांचे हिशेब बघण्याच्या निमित्ताने हे प्रकरण मी बऱ्याचदा उलटसुलट वाचलं आहे. ते इथे सविस्तर मांडतो. जिथे माझा तर्क आहे तिथे तसं सांगेन.

गच्ची

तारीख १५ मार्च १९५९. मुंबई तेव्हा द्वैभाषिक राज्याची राजधानी होती आणि गिरगाव संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी दुमदुमत होतं. त्याच गिरगावात लोहाणा निवास नावाच्या गुजराती वस्तीच्या इमारतीत जसवंतीबेन जमनादास पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणी गच्चीवर पोळपाट मांडून बसल्या. शिक्षण बेताचं, घरखर्चाला हातभार हवा, आणि हाताशी एकच हुन्नर, पापडाचा. भांडवलाचे ऐंशी रुपये छगनलाल करमशी पारेख यांनी दिले. सगळे त्यांना छगनबापा म्हणत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते. एका गृहस्थांचा तोट्यात चाललेला पापडाचा धंदा या बायकांनी चालवायला घेतला, त्याला लागणारा जिन्नस आणि सामान आणलं, आणि तयार झालेला माल भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिला.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली.

या आकड्यापाशी जरा थांबू. पहिल्या पावसाळ्यात वाळवण होईना म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. उरले आठ महिने, म्हणजे महिन्याला पावणेआठशेच्या आसपास विक्री झाली. सुरुवातीच्या तीन महिन्यांतच लाटणाऱ्या पंचवीस झाल्या होत्या. डोई महिन्याला तीस-एकतीस रुपये पडतात. हे विक्रीचे पैसे झाले. उडीद, हिंग, मिरी, तेल यांचे पैसे त्यातूनच वजा व्हायचे. म्हणजे एकेक पापड विकला जाणं या बायकांना किती मोलाचं होतं ते दिसतं. पुढच्या निर्णयाचं वजन कळायला हा हिशेब डोक्यात असावा लागतो.

दुसऱ्या वर्षी पावसाचा बंदोबस्त त्यांनीच केला. एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली पेटता स्टोव्ह. कोकणातल्या कोणत्याही घरात ओले कपडे वाळवायला हीच युक्ती करतात, यात मोठं संशोधन नाही. पण बुडालं तर आपलंच बुडणार हे ठाऊक असल्याशिवाय पुढच्या पावसाळ्यासाठी खाट कोण विकत घेतो? नोकरदार माणूस पावसाळ्यात रजा टाकतो.

दोन ढीग

सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत. एक चांगला, आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. यात लबाडी काही नव्हती. गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं, माल दोन प्रकारचा ठेवला तर दोघांनाही विकता येतो, हे कुठलाही दुकानदार सांगेल. वरचा हिशेब पाहिला तर तो मोह अगदी रास्त वाटतो.

छगनबापांनी ते बंद करायला लावलं. पापड एकाच प्रतीचा करायचा आणि त्यात कधी तडजोड करायची नाही. सोबत दुसरी गोष्ट सांगितली, की हे धर्मादाय काम समजू नका, धंदा समजा आणि जमाखर्च चोख लिहा. बायकांनीही आपला एक निश्चय केला होता. तोटा झाला तरी देणगीसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही.

मला या तीन गोष्टी एकाच दोरीचे पदर वाटतात. दुसरी प्रत ठेवली की वाईट कामाला जागा मिळते. लाटताना पापड कडेला जाड राहिला, तर हात थांबत नाही, कारण तो 'त्या' ढिगात जाणार हे हाताला आधीच माहीत असतं. देणगी घेतली की तोट्यालाही तशीच जागा मिळते. आणि वही नीट लिहिली नाही, तर दोन्ही जागा किती मोठ्या झाल्या आहेत ते कुणाला दिसतच नाही. लोहाणा निवासात तुटलेले पापड शेजारपाजारी वाटून टाकत. शेजाऱ्यांची चैन झाली असणार. पण तुटक्या पापडाचा पैसा होत नव्हता, हे महत्त्वाचं.

याची उलटी बाजू मी जवळून पाहिली आहे. एका फराळाच्या उद्योगाचा जमाखर्च मी काही वर्षं लिहीत होतो. मालकीणबाईंच्या हाताला चव होती, मागणी वाढली, आठ बायका कामाला ठेवल्या. पहिल्या दिवाळीत मोडक्या आणि जास्त तळलेल्या चकल्यांचं काय करायचं म्हणून त्यांनी वेगळं पाकीट काढलं, किंमत निम्मी. ते हातोहात संपलं. मला आठवतं, आम्ही दोघांनी ते वहीत लिहिताना स्वतःची पाठ थोपटली होती. वाया जाणाऱ्या मालाचे पैसे झाले ना! दुसऱ्या दिवाळीत स्वस्त पाकिटांची विक्री चांगल्या पाकिटांच्या पुढे गेली. कुणी मुद्दाम चकल्या मोडत नव्हतं. एवढंच, की मोडल्यावर हळहळणंही कुणी करत नव्हतं. तिसऱ्या वर्षी जुनी गिऱ्हाइकं चांगलं पाकीट उघडून म्हणायला लागली, 'आता पहिल्यासारखी नाही हो लागत.' वहीत हे कुठेच दिसत नव्हतं, आणि वही माझ्या हातात होती.

गच्ची अपुरी पडली

दुसऱ्या वर्षात लिज्जतमध्ये शंभर-दीडशे बायका झाल्या, तिसरं वर्ष संपताना तीनशेच्या वर. तेव्हा अजून 'लिज्जत' हे नाव पडलेलं नव्हतं. ते १९६२ साली आलं. नाव सुचवण्याची स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पाच रुपये. धीरजबेन रूपारेल यांचं नाव निवडलं गेलं. मराठीतली लज्जत ती गुजरातीत लिज्जत. १९६२-६३ची विक्री १ लाख ८२ हजार रुपये होती. पहिल्या उन्हाळ्यातल्या पंचवीस जणींपासून मोजलं तर डोकी बारापट झाली आणि विक्री एकोणतीसपट.

आता गच्चीवर माणसं मावेनात आणि पिठाचे डबेही मावेनात. अशा वेळी बहुतेक उद्योग काय करतात ते आपण आजूबाजूला पाहतोच. मोठा गाळा भाड्याने घ्यायचा, बायकांना पगारावर ठेवायचं, वर दोन मुकादम नेमायचे. या बायकांनी मळलेलं पीठ वाटून घरी न्यायला सुरुवात केली. आपापल्या घरी लाटायचं, वाळवायचं आणि पापड परत आणून द्यायचे. इथे वजन व्हायचं, पाकिटं भरली जायची.

कागदावर हा निर्णय वेडेपणाचा वाटतो. काम डोळ्यांआड तीनशे स्वयंपाकघरांत गेलं, मग दर्जा राहणार कसा? पण काम कुठे तोडलं ते नीट बघायला हवं.

उडदाचा पापड बिघडण्याच्या जागा घरातल्या कुठल्याही आजीला माहीत असतात. डाळ जुनी किंवा मिसळीची असली तर पीठ चिवट होत नाही. पापडखार जास्त पडला तर तळल्यावर पापड लालसर होतो आणि जिभेला लागतो. हिंग हलका असला तर वासच येत नाही. पीठ पुरेसं घट्ट मळलं, कुटलं नाही, तर लाटताना तुटतं. ही सगळी बिघाडाची पहिली टोळी. दुसरी टोळी लाटण्यापासून सुरू होते. पापड मधे पातळ, कडेला जाड. घरात धूळ, केस, मुंगी. वाळवण कमी झालं तर बुरशी, जास्त झालं तर कडा तडकतात.

पहिल्या टोळीची गंमत अशी, की ती तयार पापडाकडे नुसतं बघून पकडता येत नाही. तळून, चाखून किंवा महिन्याने गिऱ्हाइकाच्या तक्रारीतूनच ती कळते. म्हणून ती कुणाच्याही घरी जाऊ द्यायची नाही. डाळ, हिंग, मिरी यांची खरेदी एकाच ठिकाणाहून, प्रमाण एकच, मळणं शाखेत. पुढे पसारा वाढल्यावर उडीद म्यानमारचा, हिंग अफगाणिस्तानचा, मिरी केरळची, असं सगळं मध्यवर्ती खरेदीनेच येत राहिलं. १९७५ साली पिठाची गिरणीही स्वतःची झाली.

दुसरी टोळी मात्र डोळ्याला आणि बोटाला क्षणात कळते. म्हणून ती घरी जाऊ दिली तरी चालते, अट एवढीच की लगेच बघायचं. पहाटे शाखेत पीठ मळलं जातं. सकाळी बायका कालचे पापड घेऊन येतात, ते तपासले जातात, वजन होतं, पैसे हातावर पडतात आणि आजचं पीठ डब्यात पडतं. लाटण्याच्या या मोबदल्याला तिथे 'वणाई' म्हणतात. गुजरातीत 'वणवुं' म्हणजे लाटणं. काम, तपासणी आणि पैसा हे तिन्ही एका दिवसाच्या फेऱ्यात येतात, आणि तेही एकमेकींच्या समोर. कालचा पापड जाड झाला हे आज सकाळी कळतं, तेव्हा काल आपण घाईत होतो हेही अजून आठवत असतं. वर्षाच्या शेवटी साहेबाने केबिनमध्ये बोलावून सांगितलेला दोष माणसाला स्वतःचा वाटत नाही, साहेबाचा राग वाटतो.

पीठ देण्याआधी त्या बाईचं घर बघण्याचीही पद्धत आहे. लाटायला स्वच्छ जागा आहे का, वाळवायला जागा आहे का. मुंबईच्या एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर नसणारच. मग तिला परत पाठवत नाहीत. पीठ मळणं, तपासणं, पाकिटं भरणं ही कामं शाखेत असतात, ती तिला मिळतात. दर्जाची अट बाईला लावलेली नाही, जागेला लावलेली आहे. गरीब घरातली बाई 'तू अस्वच्छ' असं ऐकून परत गेली असती, तर दुसऱ्या दिवशी तिच्या चाळीतली एकही जण आली नसती.

मत कोणाचं

आतापर्यंत सांगितलं ते कुठल्याही हुशार कारखानदाराला जमेल. लिज्जतचं वेगळेपण मालकीत आहे, आणि ती नुसती भाषणातली मालकी नाही.

संस्थेत येणारी प्रत्येक बाई सभासद होते, तिला बहीण म्हणतात, आणि ती मालकांपैकी एक असते. सुरुवातीला लहान मुलीही येत, पुढे किमान वय अठरा ठरलं. गच्चीवरच्या सात जणींनी स्वतःसाठी वेगळा हिस्सा राखला नाही. शाखेची संचालिका बाहेरून नेमलेली व्यवस्थापक नसते, सभासद बहिणींतूनच पुढे येते. वर एकवीस जणींची मध्यवर्ती समिती, तीही त्यांच्यातलीच. शाखेला झालेला नफा-तोटा त्या शाखेतल्या बहिणींत सारखा वाटला जातो. लाटणारी, मळणारी, तपासणारी असा भेद नाही. नफा कधी सोन्याच्या नाण्याच्या रूपातही वाटला गेला आहे.

पुरुष सभासद होऊ शकत नाहीत. हिशेबनीस, वाहनचालक अशा कामांवर ते पगाराने असतात, मत त्यांना नाही. 'बायकांची संस्था' म्हणून हा नियम सहसा कौतुकाने सांगितला जातो. मला त्यात वेगळी एक बाब दिसते. उद्योग वाढला की पिठाला हात न लावणारी माणसं वाढतात. विक्री बघणारा, कर भरणारा, जाहिरात करणारा. हळूहळू बैठकीत त्यांचाच आवाज मोठा होतो, कारण आकडे त्यांच्याकडे असतात. इथे त्या माणसांना पगार आहे, मान आहे, पण पापड कसा असावा यावर मत नाही. मत तिचं, जिच्या नखांत पीठ आहे.

आता तपासणीच्या टेबलापाशी परत या. तपासणारी बाई तुमच्याच चाळीतली, नफ्यात तुमच्याइतक्याच वाट्याची. तिने ओळखीपोटी जाड पापड आत घेतला तर नुकसान तिच्याच वाट्याला. तिने उगाच परत केला तर उद्या तुम्ही संचालिकेकडे जाणार, आणि संचालिकाही कधीतरी लाटत होतीच. मुकादमाला हे जमत नाही. मुकादम मालकाचा असतो, आणि मालकाच्या माणसाला चुकवणं ही कामगाराची जुनी कला आहे.

निर्णय एकमताने होतात आणि कुणाही एका बहिणीला नकाराधिकार आहे, असंही सांगितलं जातं. हजारो जणींच्या संस्थेत तो रोज कसा वापरला जात असेल याबद्दल मी जरा साशंक आहे. शाखेच्या पातळीवर, जिथे सगळ्या एकमेकींना नावाने ओळखतात, तिथे त्याला अर्थ असावा.

शाखेचं गणितही एका झटक्यात जमलेलं नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा पहिला प्रयत्न फसला. जुलै १९६६ मध्ये संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद झाली. सप्टेंबरमध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, आठ लाख रुपयांचं खेळतं भांडवल आणि काही करसवलती मिळाल्या. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला १९६८ साली सुरू झाली. देणगी न घेणाऱ्या संस्थेलाही वाढीच्या वळणावर सरकारी हात लागला, हे झाकायचं कारण नाही. फक्त तो हात आला तेव्हा सात वर्षांच्या चोख वह्या दाखवायला होत्या.

यंत्राचं काय? गिरणी यंत्रावर, छपाई यंत्रावर, पाकिटाचा प्लास्टिक विभागही स्वतःचा, १९७८चा. पापड लाटण्याचं यंत्र बाजारात कधीच आलं आहे. पण लाटणं हातावरच राहिलं. यंत्र आणलं असतं तर माल कदाचित आणखी एकसारखा निघाला असता. पण मग मालकीण कोण उरली असती?

जिथे जमलं नाही

पापडानंतर खाकरा आला, मसाले आले, वड्या आल्या, गव्हाचं पीठ आलं. हे सगळं बऱ्यापैकी चाललं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून चामड्याच्या वस्तू, आगपेट्या, अगरबत्त्या असे प्रयोगही झाले, आणि ते फसले. यशोगाथा सांगणारे हा भाग घाईने उरकतात. मला तोच जास्त शिकवणारा वाटतो.

माझा तर्क असा. पापड चांगला की वाईट हे संस्थेतल्या प्रत्येक बाईला संस्थेत येण्याआधीपासून कळत होतं. उन्हाळ्यात शेजारणी गोळा करून लाटलेले पापड, लहानपणी तेलात बुडवून खाल्लेल्या लाट्या, सासूने उजेडात धरून नापास केलेला पहिला पापड. मापदंड आधीच हातात आणि जिभेवर होता, संस्थेने तो फक्त एक केला. मसाला, वडी, खाकरा यांचंही तेच. चामडं कमावलेलं बरं की वाईट, आगपेटीचं गूल नीट बसलं की नाही, हे कळणारा डोळा त्या घरांत नव्हता. मग तो बाहेरून आणावा लागणार, म्हणजे मुकादम आणावा लागणार, म्हणजे सगळी वीणच उसवणार.

हा तर्क सगळीकडे लागू पडत नाही, तेही सांगतो. 'ससा' ही त्यांची कपडे धुण्याची पावडर टिकली, आणि पावडरीचं रसायन काही आजीच्या हातात नसतं. कदाचित तिथे पहिली टोळीच सगळं काही आहे, घरी जाण्यासारखं उरतच नाही, म्हणून ती वेगळ्या रीतीने सांभाळता येत असेल. असो.

कंबर

या प्रकरणात आणखी एक बाजू आहे. ती गाळली तर हे जाहिरातीसारखं होईल. त्यांची जाहिरात तशी झकास होती म्हणा. बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्यांनी पापडाच्या जाहिरातीसाठी केलेला तो सशाचा बाहुला आणि त्याचं कुर्रम कुर्रम आमच्या पिढीला तोंडपाठ आहे.

पापड लाटणं हे खाली बसून, वाकून, तासन्‌तास करायचं काम आहे. पैसे किलोवर. ज्या दिवशी ताप आला त्या दिवशी पीठ नाही, आणि पीठ नाही म्हणजे पैसे नाहीत. पगारी रजा, भविष्य निर्वाह निधी ही कामगाराची कवचकुंडलं मालकिणीला कोण देणार? ती मालकीण आहे ना! मालकी या शब्दाचा हा दुसरा काठ आहे, आणि तो धारदार आहे. आजकाल मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांनाही कंपन्या 'भागीदार' म्हणतात. तो शब्द आणि लिज्जतमधला 'बहीण' हा शब्द मी एका पारड्यात घालणार नाही, कारण इथे नफा खरोखर वाटला जातो आणि संचालिका त्यांच्यातलीच असते. पण पाठ दोघांचीही दुखते.

शिवाय ही मालकी मर्यादित आहे. दर, प्रमाण, खरेदी, काहीच एकट्या बाईच्या हातात नाही. तिच्या हातात लाटणं आहे, वेळ आहे, हवं तेवढं पीठ नेण्याची मुभा आहे. मला वाटतं, दर्जा टिकला तो या मर्यादेमुळेच. पण १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांचा भार खानावळ, शिवण, पापड अशा कामांवर आला, तेव्हा त्या घरातल्या बाईला 'तू मालकीण' हे ऐकून काय वाटलं असेल, ते तिलाच विचारायला हवं. काही जणींनी त्याच पैशात मुलांची शिक्षणं केली, हे खरं आहे. दुसरं काही मिळालं असतं तर तिने पीठ आणलं असतं का, हा प्रश्नही खरा आहे.

२००२ साली 'इकॉनॉमिक टाइम्स'चा पुरस्कार मिळाला, २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली. त्या सुमाराच्या बातम्यांत पंचेचाळीस हजार बायका आणि सोळाशे कोटींची उलाढाल असे आकडे आले.

कार्यशाळेतला प्रश्न

बचत गटांच्या कार्यशाळांत मी हे प्रकरण सांगतो तेव्हा 'आम्हीही नफा वाटू', 'आम्हीही सगळ्यांना मालक करू' असं लगेच कुणीतरी म्हणतं. मी आधी एकच विचारतो. तुमचा मोडका माल कुठे जातो? बहुतेक जण थोडं चाचरतात. ओळखीच्या कँटीनला जातो, निम्म्या दराने कामवाल्यांना जातो, पुढच्या घाण्यात मिसळतो. पुढच्या घाण्यात मिसळतो म्हणणाऱ्याने हे सगळ्यात मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

गेल्या वेळी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या ताई होत्या. सहा जणींचा चकली-शंकरपाळ्यांचा गट, वर्षभरात सहाच्या अठरा झालेल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "जिची मोडली ती घरी नेते, ज्याचे त्याचे पैसे कापून. असं ठरवलंय आम्ही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय सर, माझी पोरं आता चकलीला हात लावत नाहीत."

सगळ्या हसल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या बाईकडे बघितलं आणि विचारलं, "तुझी पोरं अजून खातात का गं?"